म्हसोबा कुंपणाच्या आत

झाशीत दर निवडणुकीला विमान उडतं, फक्त वर्तमानपत्रात. छावणीच्या जुन्या धावपट्टीवरून आता प्रवासी विमानं सुटणार, अशी बातमी आली की माझे वडील चष्मा पुसून ती पुन्हापुन्हा वाचतात. त्यांना विमानात बसायची मुळीच हौस नाही. त्या धावपट्टीखाली आमचं शेत आहे.

जपानशी लढाई चालू असताना इंग्रजांनी ते घेतलं. लढाई संपली की परत, असं आजोबांना तोंडी सांगितलं. लढाई संपली, इंग्रज गेले. मग आपले आले, आणि आपल्यांनी तारेचं कुंपण तेवढं नवं केलं. शेतावर आम्ही कधीच पाणी सोडलं. पण बांधावर आमचा म्हसोबा आहे. पूर्वज दक्षिणेतून चाकरीला आले तेव्हा त्यांनी बसवलेला, शेंदूर फासलेला धोंडा. घरात लग्न निघालं की पहिली अक्षत त्याला. माझ्या लग्नाची अक्षत वडिलांनी तारेतून आत फेकली होती. भिकाऱ्याला फेकावी तशी, असं ते अजून म्हणतात.

यंदा माझ्या मुलीचं लग्न ठरलं. "या खेपेला हातानं ठेवणार," वडील म्हणाले. नगरा मोहल्ल्यातल्या घरून रिक्षा करून मी त्यांना छावणीच्या फाटकाशी नेलं.

"दादाजी, क्या काम है?" पहाऱ्यावरच्या जवानानं अदबीनं विचारलं.

"हमारा म्हसोबा अंदर है."

"मंसूबा? अंदर का क्या मंसूबा है?"

हिंदीत मंसूबा म्हणजे बेत. लष्कराच्या फाटकात उभा राहून आपला बेत सांगणारा म्हातारा! अदब तिथंच संपली. पिशवी उलटी झाली, शेंदराची पुडी हुंगली गेली. नारळही फोडून दाखवायला लावला. देवाचा नारळ वडिलांनी फाटकाच्या पायरीवर फोडला. मी संतापानं नारळाची भकलं पिशवीत कोंबली.

शेवटी आतून एक सुभेदार आला. त्यानं शांतपणे सगळं ऐकलं आणि हसला. "अरे, वो पत्थर? वो तो हमारे हनुमानजी हैं। मंगल को आइए, दर्शन कर लीजिए।"

मंगळवारी गेलो. धोंड्याला चौथरा होता, घंटा होती, झेंडूचा हार होता. वडिलांनी हातानं अक्षत ठेवली आणि देवाला नावानं हाक मारायला तोंड उघडलं.

"बोलो बजरंगबली की," मागून जवान ओरडला.

"जय," वडील म्हणाले.