कोपऱ्यातल्या खोलीची किल्ली

नांदेडला स्टेशनकडून गुरुद्वाऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं लॉज आहे. लॉज म्हणजे काय, वर खोल्या, खाली खानावळ आणि मागं अंगणाच्या कोपऱ्यात एक खोली. ती खोली गिऱ्हाइकाला द्यायची नाही, असं मी बजावून ठेवलं होतं. तिची किल्ली माझ्या करदोड्याला असायची. झोपतानासुद्धा.

करोनात लॉज बंद पडलं तेव्हा बायको त्याच खोलीत तापानं पडून होती. दवाखान्याची गाडी आली. अंगावरचं सगळं काढून ठेवा म्हणाले. आम्ही लिंगायत. आमच्यात गळ्यातलं लिंग जन्मभर उतरत नाही, आणि माणूस गेलं की त्याला बसवून, लिंगासकट माती देतात. तिनं ते काढून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "नीट ठेवा, आल्यावर घालते." ती आली नाही. प्लास्टिकात गुंडाळून तिला परस्पर नेलं आणि जाळलं. लिंग माझ्याकडं राहिलं. मी ते चांदीच्या डबीत घालून त्या खोलीच्या कोनाड्यात ठेवलं आणि कुलूप लावलं.

मग गाड्या सुरू झाल्या. पंजाबातले यात्रेकरू यायला लागले. आधी आधी ते चादरी नाकाला लावून बघायचे, आमच्या माठातलं पाणी घ्यायचे नाहीत. मीही कमी नव्हतो. वर कोणी खोकलं की मी जिन्याखाली कान लावून उभा. लोक म्हणायचे, धंदा परत उठला. मला काही खरं वाटत नव्हतं. एकदा सगळं बंद झालेलं मी बघितलं होतं.

सुनेनं लॉजचे फोटो फोनवर टाकले. एकात मला कोपऱ्यातल्या खोलीचं दार दिसलं.

"हे कशाला टाकलंस?"

"अंगणाचा काढला मामा, त्यात दार आलं. दार काय उचलून बाजूला ठेवू?"

"आज दार आलं, उद्या कोनाडा येईल."

"तुम्ही कुलूप काढल्यावर येईल की."

तोंड तिखट आहे तिचं. सासूच्या, तिच्या आत्यांच्या, हाताखाली तयार झालेली. पण तेव्हापासून मी तिच्यावर नजर ठेवून होतो.

होळीच्या तोंडावर गुरुद्वाऱ्यात लई गर्दी असते. एक कुटुंब आलं, संगं म्हातारी. गुडघे पार गेलेले. जिना बघून ती खालच्या पायरीवरच बसली. तिच्या मुलानं विचारलं, "बाउजी, नीचे कुछ मिलेगा?"

"नीचे सिर्फ खानावळ है."

म्हातारीनं काठी उचलून कोपऱ्याकडं दाखवलं. "और वो?"

अंगणात मोरीचं दार आहे, कोठीचं आहे. तिला नेमकं तेच कसं दिसलं? मी सुनेकडं बघितलं. ती मान खाली घालून कणीक मळून राहिली होती. जरा जास्तच खाली.

"वो गोदाम है," मी म्हटलं.

"गोदाम के सामने रंगोली?"

रांगोळी मीच रोज काढायला लावायचो.

सून पिठाचे हात तसेच घेऊन उठली. "मामा, त्यांना काय जिन्यात झोपवू? आत्यांनी कुणाला असं दारात बसवलं असतं का?"

मी करदोड्याची किल्ली सोडली. रागानंच सोडली. दार उघडून म्हातारीला सांगितलं, "वो कोनाडे को हात नहीं लगाने का."

तिनं चपला बाहेर काढल्या, ओढणी डोक्यावर घेतली आणि उंबऱ्यातच थांबली. "किसका है?"

"मेरी घरवाली का. उसका भगवान."

"तो ताले में क्यों रखा है? अपने पास रखो, भाई."

मला वाटलं, हिला सामान ठेवायला कोनाडा मोकळा पाहिजे. डबी उचलली आणि बाहेर येऊन अंगणातल्या बाजेवर बसलो. इतके दिवस मी ती नुसती लांबून बघत होतो. उघडली. दोऱ्याला तिच्या विभूतीचा वास अजून होता. मग माझ्या लिंगाशेजारी तेही गळ्यात घातलं.

संध्याकाळी डोकावलो, तर कोनाड्यात म्हातारीच्या गोळ्यांची पिशवी. मला ठाऊकच होतं.

सुनेला विचारलं, "त्या बाईला तू आधीच सांगून ठेवलं होतंस?"

"मला पंजाबी कुठं येती मामा?" एवढं म्हणून ती हसली. म्हातारीला हिंदी चांगली येत होती आणि सुनेलाही येते.

आता ती खोली गुडघे दुखणाऱ्या लोकांना देतो. गळ्यात दोन लिंगं आहेत. मुलाला सांगितलं, मला माती देताना दोन्ही माझ्यासंगं ठेव, एक पण काढू नको. तो फोनमध्ये बघत "हाव" म्हणाला. त्याच्या त्या हावचा मला भरवसा नाही. म्हणून माझ्या मोडक्या अक्षरात हे लिहून ठेवलं आहे, आणि सुनेला वाचून दाखवलं आहे.