माझ्या बायकोचा उजवा हात

आमच्या घरात सगळे सांगतात, माझी बायको ऑपरेशनला भ्याली म्हणून तिचा हात गेला. हे खरं नाही.

आरमोरीजवळ आमची धानाची शेती. बायकोच्या उजव्या तळव्यात, अंगठ्याच्या मुळाशी, बोराएवढी मऊ गाठ आली. दुखत नव्हती, पण बोटांना मुंग्या यायच्या. रोवण्यात, चिखलात धान लावताना, चिमटीत किती रोपं आली, ते तिला कळेना. बाया हसायच्या, "काऊन वं, एकाच जागी अख्खी पेंडी गाडून राह्यली का?"

तिला दवाखान्यात नेलं. तपासणीनंतर ती बाहेर बाकावर बसली आणि डॉक्टर माझ्याशी बोलले. गाठ चरबीची आहे, कॅन्सर नाही. पण नस दाबते आहे. महिनाभरात काढली नाही, तर बोटं कायमची जातील.

तो महिना म्हणजे ऐन रोवणा. ती इतरांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोवायला गेली, तरच त्या बाया आमच्या बांधीत येणार. मी डॉक्टरांना म्हणालो, "बाई भेते जी. मंग आणतो." बाहेर तिला सांगितलं, "काई नाई. दाबून ठेवली का जिरते."

घरी मीच गाठीवर नाणं ठेवून फडक्यानं आवळलं. "अजी, लय कसते," ती म्हणायची. मी फडकं आणखी ओढायचो.

दोन पावसाळे, दोन रोवणे गेले. अंगठ्याखालचं मांस झडलं, तेव्हा पुन्हा गेलो. डॉक्टर तिला म्हणाले, "तेव्हा भ्यालात ना, बाई?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. "हो जी," ती म्हणाली. गाठ निघाली. बोटं मेलेलीच राहिली.

परवा तव्यावर तिची बोटं भाजली. वास आल्यावर तिला कळलं. मुलगी करवादली, "आई, तेव्हा भेली नसतीस त!"

"भित्रीच आहो मी," ती म्हणाली.

मला ते ऐकवलं नाही. मुलीसमोर सगळं सांगून टाकलं, महिन्याची मुदतही.

 बायको म्हणाली, "मले वाटलं, डाक्टरचं बोलणं तुमाले समजलंच नसन."

मलम लावायला मी हात पुढे केला. तिनं तिचा हात मुलीकडे दिला.