शिंपीदादांची ओळ

उन्हाळ्यातल्या सामुदायिक गायनात एक ओळ शिंपीदादा एकटेच गात. त्या ओळीला सारे मैदान गायचे थांबून ऐके. यंदा घशाच्या शस्त्रक्रियेने त्यांचा आवाज गेला होता. तरी श्रोतेहो, कडक इस्त्रीचा सदरा घालून ते पहिल्या रांगेत उभे राहिले. निदान त्या ओळीपुरते लोक गायचे थांबतील, एवढीच त्यांची आस होती.

"भावोजी, नुसते ओठ हलवा," त्यांच्या वहिनी हसून म्हणाल्या. "तुमचा तोरा आहे तेवढा पुरे!"

ओळ आली. दादांनी तोंड उघडले, आणि त्यांची फजिती होऊ नये म्हणून सगळ्यांनी एकमुखाने ती ओळ उचलली. काय तो सूर, काय ती माया!

आपल्यावाचूनही ती ओळ इतकी गोड होते, हे दादांना कळले. पुढच्या गाण्याआधीच ते घरी निघाले.