जागच्या जागी

यान युए-च्याओबद्दल आमच्या कारखान्यात कोणी वाईट बोलत नाही. मी बोलतो, पण मनातल्या मनात.

आमच्या कांगशान शहरात स्क्रूचे कारखाने गल्लोगल्ली. आमच्या कारखान्यात ती एकोणिसाव्या वर्षी आली ती आटे पाडायच्या मशीनवर. संध्याकाळच्या वर्गात कॉम्प्युटर शिकली आणि हाताचा तेलाचा वास न जाताच सर्व्हरच्या खोलीत येऊन बसली. आज पंचावन्न वर्षांची आहे. मी तिच्याहून बारा वर्षांनी लहान, चांगल्या कॉलेजची डिग्री घेतलेला. पण काही बिघडलं की जो येतो तो माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत विचारतो, "च्याओताई कुठंय?" अरे, मी काय खुर्चीचं कव्हर आहे? पोटात दुखायचं माझ्या. आता लपवून काय करू.

सर्व्हरच्या डोक्यावर आम्ही हिरव्या पुडीतला मक्याचा खाऊ ठेवतो. पुडी हिरवीच हवी आणि मुदत संपायच्या आत बदलायला हवी, नाहीतर मशीन रुसतं. पुडीवर खोली सांभाळणाऱ्याचं नाव मार्करने लिहायचं. सतरा वर्षांत सतरा पुड्या झाल्या आणि प्रत्येकीवर तिचंच नाव. खोलीचा प्रमुख म्हणून रीतसर कोणाला नेमलेलंच नव्हतं, त्यामुळे मी आशा धरून होतो. वर्षअखेरच्या जेवणात मालक फांग म्हणाले, "नववर्षाच्या सुट्टीनंतर पूजा झाली की तुम्हा दोघांतला एक प्रमुख नेमतो." सगळ्यांनी तिच्याकडे बघून पेले उचलले. मीही उचलला.

सुट्टीच्या आदल्या दिवशी सगळा कारखाना घासून पुसून काढतात. सर्व्हर उघडून आतली धूळ उडवायचं काम माझ्याकडे होतं.

आमचा सर्व्हर म्हणजे एक घर आणि त्यात सहा भाडेकरू, म्हणजे आतली व्हर्च्युअल मशिनं. डिस्क सांभाळणारी कार्डं दोन, एकाच कंपनीची, हुबेहूब. एक घरमालकाचं, म्हणजे सर्व्हरचं स्वतःचं. दुसरं ड्रॉइंगच्या मशीनला, म्हणजे एका भाडेकरूला, थेट देऊन टाकलेलं, आणि त्याच्या डिस्कांवर पंचवीस वर्षांची स्क्रूंची ड्रॉइंगं. कुठलं कार्ड द्यायचं हे सर्व्हर स्लॉटच्या, म्हणजे कार्ड बसवायच्या खाचेच्या, नंबरावरून ठरवतो, कार्डाचं तोंड बघून नाही.

मी दोन्ही कार्डं काढली, फुंकली. तेवढ्यात बायकोचा फोन आला, माशांची ऑर्डर दिली का म्हणून. बोलता बोलता कार्डं बसवली, झाकण लावलं आणि साफसफाईच्या कागदावर लिहिलं: दोन्ही कार्डं जागच्या जागी. खाली सही ठोकली, थू वन-शुंग. त्याआधी च्याओताईने एक अपडेट टाकून सर्व्हर बंद केला होता; तो तसाच बंद ठेवून आम्ही घरी गेलो.

सुट्टीनंतर पहिल्या सकाळी भूमिदेवाची पूजा झाली, फटाके वाजले. च्याओताईने सर्व्हर चालू केला. छान उठला, चार मिनिटं चालला आणि जागीच थिजला. पुन्हा चालू केला, पुन्हा चार मिनिटं. नोंदी बघाव्यात तर शेवटची ओळ अर्धवट. काय झालं याचं एक अक्षर नाही.

तिसऱ्यांदा थिजला तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चौथ्या मिनिटाला ड्रॉइंगचं मशीन आपोआप सुरू होतं. ते आपलं कार्ड मागतं, सर्व्हर त्या स्लॉटमधलं उचलून देतो, आणि या वेळी तिथं सर्व्हरचंच कार्ड होतं. स्वतःच्या डिस्का स्वतःच्या हातानं देऊन बसल्यावर नोंद लिहिणार कशावर? मी फोनवर बोलत कार्डांची अदलाबदल केली होती.

एक वाक्य बोललो असतो तर संपलं असतं. मी तोंडात मूग धरून बसलो. घामाघूम च्याओताई खाली वाकलेली पाहून मला बरं वाटत होतं. हो, बरं वाटत होतं.

"आ-शुंग, माझं अपडेटच नडलं रे," ती म्हणाली. तिने अपडेट काढलं. केबल बदलल्या, मेमरी तपासली. स्क्रीनवर त्या स्लॉटचा नंबरही बघितला, तिथं कार्डाचं नाव बरोबर दिसलं. दिसणारच, दोन्ही कार्डांचं नाव एकच.

अकराला मालक दारात येऊन उभे राहिले. "ताई, ड्रॉइंगवाचून मशिनं थांबलीत."

"चूक माझी आहे, मालक. सुट्टीच्या तोंडावर अपडेट टाकायला नको होतं."

मालकांनी प्रथमच तिच्याकडून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. सतरा वर्षं मी त्या नजरेची वाट बघत होतो. तरी आणखी अर्धा तास थांबलो, तिला पुरतं दमू दिलं. मग जांभई देत म्हटलं, "कार्डांचे स्लॉट बदलून बघू का? सहज."

बदलले. चार मिनिटं गेली, पाच गेली, ड्रॉइंगं आली. मालकांनी माझी पाठ थोपटली. तिला विचारलं तर ती म्हणाली, "आ-शुंगलाच करा प्रमुख. मी नुसती अडून बसले होते." जेवणाच्या सुट्टीत तिनेच नवी हिरवी पुडी आणली आणि मार्कर माझ्या हातात दिला. मी नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

संध्याकाळी बकऱ्याच्या रश्श्याभोवती सगळे बसले. च्याओताईने माझ्या वाडग्यात मोठा तुकडा टाकला. "तुला स्लॉटचं सुचलं तरी कसं? मी ते पहिल्याच मिनिटाला मनातून खोडून टाकलं होतं."

"का?"

"का म्हणजे? कागदावर तुझी सही होती ना. मग कार्डं काढून कशाला तपासायची? बाकी सगळं तपासलं."

मी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. नव्हता. ती सूप फुंकत होती.

त्याला वर्ष झालं. मी प्रमुख आहे, लोक "शुंगसाहेब कुठंयत?" म्हणून विचारतात. कबुली द्यायची म्हणून तिच्या टेबलापर्यंत दोनदा गेलो आणि स्टेपलर मागून परत आलो. ती सहाला घरी जाते, टोमॅटोची रोपं लावते, निवांत झोपते.

यंदा सुट्टीच्या आदल्या दिवशी सर्व्हरची साफसफाई तिने केली. कार्डं काढली, फुंकली, बसवली. कागदावर लिहिलं: दोन्ही कार्डं जागच्या जागी. सही केली, कागद माझ्याकडे दिला आणि नववर्षाच्या शुभेच्छा देऊन गेली.

ती फाटकाबाहेर पडेपर्यंत मी खिडकीशी थांबलो. मग स्क्रूड्रायव्हर घेतला, हिरवी पुडी बाजूला ठेवली, झाकण उघडलं आणि दोन्ही कार्डं एकेक करून तपासली.

बरोबर होती. मी झाकण लावलं आणि पुन्हा एकदा उघडून पाहिलं. माझ्या सहीवर विसंबून तिने आपली सतरा वर्षं गमावली, आणि मला तिच्या सहीवर घरी जाता येत नाही. तिचा हेवा मला अजूनही वाटतो.