न झालेल्या झुंजीचा निकाल

सामोआत, आपिआच्या बाजारामागे आमची बॉक्सिंगची तालीम आहे. तिथे एतेविसेनं तीस वर्षं पोरांच्या हातांना पट्ट्या बांधल्या. दिवसा ती इस्पितळात चादरी धुवायची आणि संध्याकाळी इकडे यायची. स्वतः कधी रिंगमध्ये उतरली नाही, पण कोणतीही झुंज ठरली की कोण जिंकणार हे तिला विचारल्याशिवाय गावाला चैन पडत नसे.

बाकीचे ठोसे बघायचे, ही बघायची ते भलतंच. राउंड संपल्यावर माणूस स्टुलावर टेकताना आधी हातानं चाचपतो का, गुळणी नीट बादलीत पडते का, समोरचा हलला की याचा कुठला पाय आधी उचलतो. दहातले आठ निकाल तिचे बरोबर यायचे. चुकलेले दोन ती स्वतःच सगळ्यांना सांगत सुटायची.

पेनितिला हा तिच्या भावाचा मुलगा, बेटावरचा सगळ्यात तगडा हेवीवेट. शेजारच्या टोंगा बेटांवरच्या कालाफीशी त्याची दहा राउंडची झुंज आपिआत झाली आणि पेनितिला गुणांवर जिंकला. तोही जेमतेम, तीनपैकी एका पंचानं कौल कालाफीला दिला होता. टोंगाची माणसं चिडली. वर्षभरानं त्यांच्या गावी पुन्हा झुंज घ्यायची असं ठरलं. मग काय, बसमध्ये, चर्चच्या अंगणात, मासळीच्या ओट्यांपाशी एकच विषय. पेनितिला कितव्या राउंडला त्याला पाडणार एवढाच वाद होता. पाडणार की नाही, हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता.

मी तेव्हा रेडिओवर खेळांच्या बातम्या वाचत असे. झुंजीला दोन महिने होते, तेव्हा एका शनिवारी दुपारी मी एतेविसेला कार्यक्रमात बोलावलं. ती भाच्याचं नाव घेईल, मग आपण एक गाणं लावू, असा माझा साधा हिशेब होता.

"कालाफी," ती म्हणाली. "पाचव्या राउंडला. आणि त्यानंतर आमचा पोरगा धड उठेल की नाही, ते मला सांगता येत नाही."

मला वाटलं, थट्टा करतेय. मी म्हटलं, अहो, तुमचाच भाचा तो.

"म्हणून तर रेडिओवर सांगतेय. घरात चारदा सांगून झालं."

त्यानंतर तिनं जे सोसलं ते मी पाहिलंय, आणि त्यात माझा वाटा होता हेही मला ठाऊक आहे. रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्या बायका बाकावर तिच्यापासून हातभर सरकून बसल्या. भावानं, लाफाएलेनं, तिच्या घरून गेलेली तारोच्या कंदांची टोपली तशीच परत पाठवली. तालमीच्या दारावर कुणीतरी टोंगाचा झेंडा रंगवला. बाजारात एकीनं विचारलं, "काय गं, बोट कधीची आहे तुझी? टोंगाला जायचं असेल ना?" एतेविसे म्हणाली, "गुरुवारची. तुला काही मागवायचंय?" आणि भाजी घेऊन पुढे गेली. पेनितिला मात्र तिच्याकडून पट्ट्या बांधून घेईना. दोन आठवडे तो स्वतःच दातात धरून गाठी मारत होता. तिला लागलं ते एवढंच.

मग एका सोमवारी ती पिशवीभर संत्री घेऊन तालमीत आली. सगळे होते, लाफाएलेही भिंतीला टेकून उभा होता. तिनं पेनितिलाला मध्ये उभं केलं आणि समोर बघत राहा म्हणाली. ती त्याच्या उजव्या बाजूला गेली आणि एक संत्रं हळूच टाकलं. त्यानं झेललं. दुसरं टाकलं, तेही झेललं. मग ती डावीकडे गेली. संत्रं त्याच्या कानावर आपटून खाली पडलं. कुणीतरी हसलं. तिनं पुन्हा टाकलं, ते गालाला लागलं. तिसऱ्याला कुणी हसलं नाही.

"कालाफीशी लढताना सातव्या राउंडपासून तू मान वळवून लढत होतास," ती म्हणाली. "मला वाटलं, दमलास. मग घरी तुझ्या डाव्या हाताशी ठेवलेला कोकोचा कप तू तीनदा सांडलास."

पेनितिला आधी रागावला. मग एवढा मोठा माणूस, तो रिंगच्या काठावर खाली बसला.

"मला माहीत आहे, आत्या," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, आपोआप जाईल."

लाफाएलेनं सांडलेली संत्री एकेक करून उचलली आणि बहिणीच्या पिशवीत भरली. त्यानंतर तारोची टोपली कधी परत गेली नाही.

ऑकलंडच्या डॉक्टरांनी सांगितलं की डाव्या डोळ्याचा पडदा सुटत आला होता. आणखी एक जबर ठोसा बसता तर डोळा गेलाच असता. शस्त्रक्रियेनं निम्मी नजर वाचली. झुंज रद्द झाली. पेनितिला तालमीत पोरांना शिकवायला लागला. सामोआचा गडी घाबरून पळाला, असं टोंगाची माणसं म्हणू लागली आणि आमच्या गावाला ते फार झोंबलं. एतेविसेचे आभार कुणी मानले नाहीत. उलट, लढला असता तर जिंकलाच असता, असं बरेच जण तिच्या तोंडावर म्हणत. ती ऐकून घ्यायची. वाद घालताना मी तिला कधी पाहिलं नाही, आणि आपलं मत बदलतानाही नाही.

अकरा वर्षांनी कालाफी चर्चच्या एका मेळाव्यासाठी आपिआला आला. केस पिकायला लागलेले, खांदे तेवढेच रुंद. त्यानं मला शोधून काढलं आणि विचारलं की रेडिओवर बोललेली ती बाई कुठे राहते. मी त्याला घेऊन गेलो. रविवार होता, घरात पेनितिलाही होता. दोघांनी एकमेकांचे हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

मग कालाफी चटईवर एतेविसेसमोर मांडी घालून बसला आणि खाली बघत बोलू लागला. त्या झुंजीत सातव्या राउंडला त्याला कळलं होतं की आपला उजवा हात या माणसाला दिसत नाही. त्यानं ते फक्त आपल्या गुरूला सांगितलं. पुढचे कित्येक महिने त्यांनी त्याच एका ठोशाचा सराव केला.

"तुम्ही पाचवा राउंड म्हणाला होतात," तो म्हणाला. "आम्ही तिसरा धरला होता. झुंज रद्द झाल्याचं कळलं तेव्हा मी चिडलो. मग घरी जाऊन झोपलो, आणि महिन्याभरात पहिल्यांदा मला झोप लागली."

एतेविसेनं बोटांवर मोजलं. मग म्हणाली, "म्हणजे माझे दोन राउंड चुकले."

"दोघांचंही चुकलं," पेनितिला म्हणाला. "दुसऱ्यातच मी याला आडवा केला असता."

कालाफी हसत उठला. पेनितिलाही उठला. दोघे धिप्पाड राक्षस मुठी आवळून एकमेकांभोवती हळूहळू फिरायला लागले, आणि कालाफी आपला उजवा हात पाठीमागे धरून होता.

"अंगणात जा दोघं," एतेविसे म्हणाली. "घराचे खांब मोडाल."