पांघरुणातून ऐकलेला सौदा

तिला सगळे सुसाट म्हणायचे. आधी बोलायचं, मग विचार करायचा, मग रडायचं, हा तिचा क्रम ठरलेला. पदवीला इंटरनॅशनल बिझनेस घेतलं तेसुद्धा रांगेतल्या पुढच्या मुलीने घेतलं म्हणून! ती पुढची मुलगी म्हणजे सगळ्यांची 'आजी'. वय वीस, पण बारा महिने स्वेटर आणि जगाला उपदेश. दोघी हॉस्टेलला एकाच खोलीत आल्या आणि एकमेकींवाचून त्यांचं पान हलेना.

वाटाघाटींचं प्रॅक्टिकल होतं. आजीचा गट म्हणजे खुर्च्यांचा कारखाना, सुसाटचा गट परदेशी गिऱ्हाईक, आणि दोघी आपापल्या गटाच्या प्रमुख. वर्गात सगळ्यात भारी सौदा करेल त्या गटाच्या प्रमुखाला एक सेमिस्टर परदेशी विद्यापीठात. आजी पहिल्या वर्षापासून या जागेसाठी झुरत होती.

सकाळी आजी केस विंचरता विंचरता आरशासमोर सराव करत होती. "माल पंचेचाळीस दिवसांत. अगदीच गळ्याशी आलं तर तीस." सुसाट पांघरुणात जागी होती. कान झाकायचे सोडून तिने डोळे मिटून घेतले.

आणि वर्गात तोंडून सटकन निघालंच, "तीस दिवस. नाहीतर आम्ही उठलो!"

आजीचा चेहरा खर्रकन उतरला. तिने मान डोलावली. सर खूश. "समोरच्याची नस बरोबर पकडलीस हं! जागा तुझी."

दुपारी आजीने कपाटावरची स्वतःची मोठी बॅग काढून पुसायला घेतली. "ही ने. चाकं धड आहेत. पण तू ओळखलंस कसं गं?"

सुसाटने बॅग परत तिच्याकडे सरकवली. "ओळखलं नाही गं. ऐकलं. सकाळी."

फडकं थांबलं. "सरांना सांगितलंस?"

"नाही, म्हटलं आधी तुला..."

"म्हणजे मी माफ करायचं आणि बाईसाहेब विमानात?"

सुसाट तशीच उलटसुलट चपला अडकवून सरांच्या केबिनकडे पळाली. सरांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि सौदाच रद्द केला. जागा मिळाली दुसऱ्याच गटातल्या एका ढिम्म मुलाला. आजीचे हात रिकामेच राहिले. सुसाटला वाटलं होतं, खरं बोललं की सगळं जागेवर येईल. कसलं काय!

"बोलणार नाहीये मी तुझ्याशी," आजी खोलीत भिंतीकडे तोंड करून म्हणाली. मग तोंड न वळवताच म्हणाली, "चहा टाक. पण सॉरीबिरी नको."

सुसाटने चहा टाकला. ओठांवर आलेलं सॉरी आयुष्यात पहिल्यांदा गिळलं.