पेवातून वर कोण आलं?

"मी देह नव्हे, मी मन नव्हे" हे वाक्य मी चौदा वर्षं रोज सकाळी अंघोळीनंतर म्हणत होतो, आणि चौदा वर्षांत त्याचा माझ्यावर काडीचाही परिणाम झाला नव्हता. बाजारात कुणी पायावर पाय दिला की देह माझाच असायचा, आणि तुमची पारख चुकली असं कुणी म्हणालं की मन तर अगदी खास माझं. साताऱ्याजवळच्या एका मठात मी दर महिन्याला जायचो. तिथल्या महाराजांना एकदा भीत भीत विचारलं, "देह नाही, मन नाही, मग मागं उरतो तो कोण?" ते हसून म्हणाले, "हे विचारणाऱ्याला जरा गप्प बसवून बघा." मला ती उडवाउडवी वाटली. विचारणाराच गप्प बसला तर उत्तर ऐकणार कोण? हा प्रश्न घेऊन मी परतीच्या एसटीत बसलो आणि कऱ्हाड येईपर्यंत तोच चघळत राहिलो.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मूळचा रहिमतपूरचा, पण पोटापाण्यासाठी सांगलीत होतो. एका अडत दुकानात हळदीची पारख करणं हे माझं काम. जवळच्या हरिपुरात तेव्हा हळद पेवात ठेवत. पेव म्हणजे जमिनीत खणलेली खोल कोठी. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, खाली पोट मात्र चांगलं ऐसपैस. हळद भरून तोंड मातीनं लिंपलं की किडीची चिंता मिटली. पण बंद पेवातली हवा खराब होते. म्हणून पेव उघडल्यावर काही तास तसंच ठेवायचं आणि मग दोरीनं कंदील खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर उतरायचं, विझला तर थांबायचं. नव्या हमालांना हा नियम मीच शिकवत असे.

त्या हमालांत गौतम नावाचा चाळिशीकडे झुकलेला एक माणूस होता. इस्लामपूरकडच्या खेड्यातला, बौद्ध घरातला. पाच वर्षं आम्ही एकाच आवारात काम करत होतो. इथं एक गोष्ट लपवून चालणार नाही. आवारात पिण्याच्या पाण्याची घागर सगळ्यांची एकच होती, आणि मी मात्र घरून पिशवीतून माझा तांब्या भरून आणायचो. घसा नाजूक आहे, असं सांगायचो. खरं कारण मला ठाऊक होतं, गौतमलाही ठाऊक होतं, आणि माझ्या घशाची चौकशी त्यानं कधी केली नाही.

त्या दिवशी सकाळी एक जुनं पेव उघडलं. ट्रक येऊन उभा होता, ड्रायव्हर कुरकुरत होता. कंदील खाली सोडला आणि तो विझला. मुकादम म्हणाला, "थांबा अण्णा, हवा खराब हाय." मी म्हणालो, "हवेला काय धाड भरलीय? रॉकेल संपलं असेल." कंदील वर ओढून नुसता हलवला असता तरी आत रॉकेल आहे हे कळलं असतं, पण वीस वर्षांच्या अनुभवानं एका कंदिलाचं काय म्हणून ऐकावं? विनाशकाले विपरीत बुद्धी म्हणतात ती हीच. माल स्वतः बघतो म्हणून मी दोरी धरून उतरलो.

पाय हळकुंडांना टेकले, एवढं आठवतं. हळदीचा वास नेहमीपेक्षा गोड वाटला. वर पाहिलं तर पेवाचं तोंड ताटाएवढं दिसत होतं. हाक मारायचं मनात आलं, आणि त्यानंतर काहीच नाही.

मग निळं होतं. खूप निळं. कावळा ओरडत होता. "अण्णा, अण्णा" असा एक आवाज येत होता आणि त्याचा कुणाशी काही संबंध नव्हता. कावळ्याचा आवाज तसा तोही एक आवाज. छाती जळत होती, पण ती कुणाची हे अजून ठरलेलं नव्हतं. तहान होती. मग गार पाणी आलं, आणि पाणी पिणं चालू झालं. भीती नव्हती, आणि वाचलो म्हणून आनंदही नव्हता, कारण वाचलेला असा कुणी तिथं नव्हताच. निळं, कावळा, पाणी, जळजळ, सगळं एकाच अंगाचं होतं. मुकादमाच्या म्हणण्याप्रमाणे हे सारं फार तर दोन मिनिटं चाललं. मग घरमालक घरात शिरून दार लावून घेतो तसा मी आलो. नाव आलं, गाव आलं, वय आलं, ट्रक खोळंबलाय हेसुद्धा आलं. निळं होतं त्याचं आभाळ झालं आणि ते माझ्यापासून लांब गेलं.

तीन दिवस दवाखान्यात काढून मी घरी आलो तो कुतूहलानं नुसता भरून. विचारणारा खरोखर गप्प बसला होता, आणि तरी दिसणं, ऐकणं चालूच होतं! ते कुणाला दिसत होतं? मी लगोलग मठात गेलो. महाराजांनी शांतपणे ऐकून घेतलं, भोवती माणसं जमली. पुढच्या महिन्यात लोकांनी तेच पुन्हा सांगायला लावलं आणि सांगता सांगता मला त्याची गोडी लागली. मी नव्हतो, हे मी किती रंगवून सांगत होतो! घरी आल्यावर बायकोपुढंही तेच पुराण सुरू केलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आवं, तुमी तितं नव्हताच, तर मग त्यो गडी कुनाला काडाया उतरला? आन् त्येला भेटून आलासा का?"

मी भेटलो नव्हतो. मला वर काढलं ते गौतमनं, हे मुकादमानं दवाखान्यातच सांगितलं होतं. मी कोसळल्याचं कळताच त्यानं ओला पंचा तोंडाला गुंडाळला, कमरेला दोर बांधला आणि कुणी अडवायच्या आत तो खाली गेला. त्यानं मला दोरात अडकवलं आणि वरच्यांनी आम्हा दोघांना ओढून काढलं. ती हवा त्यालाही बाधली. खोकला धरला म्हणून तो गावी गेला होता, आणि छाती सुधारली नाही तर पुन्हा पोतं उचलता येणार नाही, असं डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं. मधल्या दीड महिन्यात मी मठाची एसटी दोनदा पकडली होती, त्याच्या गावाची एकदाही नाही.

दुसऱ्याच दिवशी गेलो. गौतम अंगणात बाजेवर उन्हाला बसला होता. वाळला होता. उपकार, पुण्य, देवासारखा धावलास, असं सगळं मी ठरवून गेल्याप्रमाणे बोललो. त्यानं मान हलवली आणि विचारलं, "शुद्दीवर येताना काय वाटलं वं, अण्णा?" मी निळ्यापासून सगळं सांगितलं. मठात कुणी ऐकलं नसेल इतकं कान देऊन त्यानं ते ऐकलं.

"व्हय," तो म्हणाला, "पानी मीच पाजलं. घागरीतलं. घटाघटा प्यालासा. आन् मग डोळं फिरवून पयलं काय इचारलंसा, ठावं हाय?"

"काय?"

"ह्ये पानी कुनाचं?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कारण ते खरं होतं. तो सांगेपर्यंत मला आठवलं नव्हतं असं म्हणण्याची सोय नाही. मठात दोन वेळा सांगताना मी नेमकं तेवढंच वगळलं होतं. इतकी वर्षं मी विचारत होतो की हा 'मी' येतो तरी कुठल्या वाटेनं, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो आला होता. जो पाणी प्याला त्याला जात नव्हती, कारण त्याला अजून नावही नव्हतं. नावगाव यायच्या आधी आला तो हा प्रश्न, आणि बाकीचा मी त्याच्याभोवती गोळा झाला. "चुकलं माझं, गौतम," मी म्हणालो. असू द्या, असं तो म्हणाला नाही.

मग म्हणाला, "आमच्या धम्मात बी सांगत्यात अण्णा, 'मी' म्हनून कायबी न्हाई. विहारात लय येळा ऐकलंय. पर मला त्ये कवा पटलं न्हाई. कसं पटंल? मी कोन हाय, याची आटवन रोज कोनतरी करून देतंय की."

आपला 'मी' आपण आपल्यापुरता बांधतो असं मी समजत होतो. तो बांधताना समोरच्याच्या गळ्यात एक 'तू' अडकवावा लागतो, हे मला कुठल्याच पोथीत दिसलं नव्हतं. कदाचित लिहिलेलं असेल, मी वाचलं नसेल. त्याच्या बायकोनं चहा आणला, तो आम्ही प्यालो. निघताना मात्र मला राहवलं नाही. मी विचारलं, "मग उतरताना तुला आठवलं नाही का, मी कोण ते?"

त्यानं खरंच आठवून पाहिलं. "आटवलं की," तो म्हणाला. "पर तवर माजा हात तुमच्या काखंत गेला हुता." आणि तो हसला. हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली आणि मी त्याची पाठ चोळत बसलो.

दिवाळीच्या सुमाराला गौतम कामावर आला. पुढं आम्ही बरीच वर्षं एकत्र काढली. मठात मी अजून जातो, पण पेवाची गोष्ट सांगत नाही. शरण जायचं म्हणजे 'मी'ला उचलून देवाच्या पायाशी ठेवायचं, असं मला वाटायचं. पण उचलून ठेवणारा मागं उभाच राहतो, आणि आपण काय ठेवलं ते बघत बसतो. खरं शरण जाणं आपल्या हातून होत असेल तर ते आपल्याला कळायच्या आधी होऊन गेलेलं असतं, असं आता वाटतं. देवापुढं हात जोडले की मी आभार मानतो ते एकाच गोष्टीचे. मी कोण आहे हे आठवायला त्या माणसाला थोडा उशीर झाला.